एका क्वार्टरचे कागद

सकाळी साडेसहाला आजींच्या पायांत दाबाचे मोजे चढवत होते. हे काम घाईचं नव्हे. टाचेपाशी एक सुरकुती राहिली तरी दिवसभरात तिथं वळ उठतो. मी मान खाली घालून मोजा ताणत होते आणि वरून प्रश्न आला, "डिअर, माझ्या बापानं जमीन सोडली की त्याच्याकडून काढून घेतली, हे कुठं लिहिलेलं असेल का?"

आजी म्हणजे माझी आजी नव्हे. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात मूस जॉ नावाचं गाव आहे. तिथल्या एका वृद्धाश्रमात मी केअर असिस्टंट आहे. मूळची साताऱ्याकडची. पुण्यात नऊ वर्षं नर्स होते, इथलं लायसन्स हाती येईपर्यंत हे काम. इथं सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारतात. चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईला नुसत्या नावानं बोलवायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मनातल्या मनात त्या आजी.

आमच्याकडे प्रत्येक खोलीच्या दारामागे 'माझ्याविषयी' असा एक कागद लावलेला असतो. नव्या कर्मचाऱ्याला माणूस कळावा म्हणून. चहात साखर किती, मुलं किती, जन्म कुठला, आईवडील काय करायचे. आजींच्या कागदावर वडिलांच्या रकान्यात 'सैनिक, नंतर शेतकरी' असं छापलेलं आहे आणि त्यापुढे त्यांनी स्वतः पेननं लिहिलंय, 'जमलं नाही'. हे मी रोज बघत होते. विचारलं कधीच नव्हतं.

त्यांना ठाऊक होतं ते एवढंच. वडील पहिल्या महायुद्धात होते. त्याबद्दल घरात अक्षर काढायचे नाहीत. सैनिक म्हणून सरकारनं त्यांना स्विफ्ट करंट गावाच्या दक्षिणेला जमिनीचा एक क्वार्टर, म्हणजे १६० एकरांचा तुकडा, दिला. १९३७ साली, आजी आठ वर्षांच्या असताना, घोडागाडीत सामान भरून सगळे उत्तरेला प्रिन्स अल्बर्ट गावाकडे निघून गेले. तिथं वडील शेवटपर्यंत एका बेकरीत कामाला होते. आणि थोरला भाऊ मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला, की बाबा आळशी होता, नांगर अर्ध्या तासात सोडून घराच्या पायरीवर जाऊन बसायचा.

मी म्हटलं, बघते. आधी मॅनेजरबाईंना विचारलं, मग आजींच्या मुलाची लेखी परवानगी आणली. इथं दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा तर आधी सह्या लागतात.

सैनिकाची फाइल मिळणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल. पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सहा लाखांहून अधिक लोकांच्या फायली लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडानं २०१८ पर्यंत स्कॅन करून टाकल्या आहेत. नाव घालायचं, फाइल उघडायची, पैसे नाहीत. सोपं म्हणूनच मी चुकले. आजींच्या वडिलांच्या नावाचे सात जण होते. त्यातला एक सस्कॅचेवानचा दिसला, त्याचीच पानं मी उतरवून घेतली आणि दोन संध्याकाळी आजींना वाचून दाखवली. उंच माणूस, निळे डोळे, पंथ बॅप्टिस्ट. आजी ऐकत होत्या, मान हलवत होत्या. तिसऱ्या दिवशी जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात त्याच्या आईचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "ही माझी आजी नव्हे." मी पटापट पानं उलटली. शेवटच्या पानावर तो माणूस १९१८ च्या ऑगस्टमध्ये मारला गेला होता. मी शेवट न बघता सुरुवात केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी म्हणाल्या, "कुणाचा तरी होताच ना तो. आता सुरू केलंय तर संपव." म्हणून तीही फाइल आम्ही शेवटपर्यंत वाचली.

खरी फाइल मिळाली ती वडिलांच्या आईच्या नावावरून. भरतीचा कागद दोन बाजूंचा असतो. एका बाजूला प्रश्नोत्तरं आणि शपथ, मागे शरीराचं वर्णन: उंची, छाती फुगवून किती, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा. १९१५, मूस जॉ. वय एकवीस. पुढचा प्रश्न व्यवसायाचा होता आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: बेकर.

आजींनी मला तो शब्द परत वाचायला लावला. "पण बेकरी तर नंतरची," त्या म्हणाल्या. "शेती बुडाली म्हणून तो बेकरीत गेला. आम्हाला त्याची लाज वाटायची." मी तारीख दाखवली. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या, मग जेवणाची घंटा झाली.

पुढची पानं मी घरी वाचली, कारण त्यात औषधपाणी होतं आणि ते आधी मला समजायला हवं होतं. आजींचे वडील ४६ व्या बटालियनमध्ये होते. ही दक्षिण सस्कॅचेवानची पलटण, मूस जॉच्या आसपासच्या पोरांची. तिला नंतर आत्मघातकी बटालियन असं नाव पडलं. एकूण ५,३७४ माणसं तिच्यात गेली. १,४३३ मेली, ३,४८४ जखमी झाली. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटलं काहीतरी छापायची चूक आहे. शंभरातले एक्क्याण्णव! शिपायाला रोज एक डॉलर आणि वर दहा सेंट भत्ता, त्यातून महिन्याला काही डॉलर परस्पर आईकडे जायचे, त्याचीही नोंद.

१२ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या विमीच्या लढाईत 'पिंपल' नावाच्या टेकाडावर बर्फाच्या वादळात हल्ला झाला, त्यात ही बटालियन होती. त्या दिवशी त्यांच्या फायलीत काहीच नाही. काही नसणं म्हणजे धडधाकट राहिले, हे मला हळूहळू कळलं. मग २६ ऑक्टोबर १९१७, बेल्जियममधल्या पाशेंडेलची लढाई. तिथं तीन अक्षरं येतात: जीएसडब्ल्यू, म्हणजे बंदुकीच्या गोळीची जखम. पण त्या काळी तोफगोळ्याचा तुकडा लागला तरी हेच लिहीत, आणि पुढच्या पानावर डाव्या खांद्यातून धातूचे तुकडे काढल्याची नोंद आहे. मग जखम धुण्याच्या नोंदी, डाकिनच्या द्रावणानं, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या पाण्यानं, दर काही तासांनी. प्रतिजैविकं नव्हती तेव्हाची गोष्ट. नळ्यांतून हे पाणी जखमेत सोडत राहायचं. मी पुण्यात सर्जिकल वॉर्डात होते. ते कोरडे शब्द वाचताना मला वास आला.

इंग्लंडमध्ये एप्समच्या कॅनेडियन छावणीत बरे होत असताना एक नवं निदान दिसतं, डीएएच. हृदयाची क्रिया बिघडलेली. जरा श्रम झाले की धडधड, दम, चक्कर, हातापायांना कंप. तपासलं तर हृदयात दोष सापडत नाही. त्या युद्धात हजारो शिपायांच्या कागदावर हे लिहिलं गेलं. आज तेच लक्षण घेऊन कुणी आला तर डॉक्टर वेगळ्या दिशेनं प्रश्न विचारतील. मी डॉक्टर नाही आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करायला बसले नाही. पण नांगर सोडून पायरीवर बसणारा माणूस मला त्या ओळीत दिसला. दुसऱ्या दिवशी आजींना एवढंच सांगितलं की तुमचे वडील आजारी म्हणून नोंदलेले होते, आणि डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"तो वरच्या फळीवरचं काही काढायचा नाही," त्या म्हणाल्या. "आईला सांगायचा. आम्हाला वाटायचं ऐट आहे."

आघाडीवर परत पाठवण्यासारखे राहिले नाहीत, तेव्हा लष्करानं त्यांना रसद बघणाऱ्या सर्व्हिस कोरमध्ये टाकलं. युद्धाचं शेवटचं वर्ष त्यांनी पलटणींसाठी पाव भाजले. लष्कराला हा माणूस कोण आहे हे बरोबर ठाऊक होतं. १९१९ च्या मार्चमध्ये सुटका झाली आणि त्यानंतर ते ज्या खात्याच्या हाती गेले त्याला मात्र फक्त शेतकरी हवे होते.

हे खातं म्हणजे सोल्जर सेटलमेंट बोर्ड. १९१७ चा कायदा, १९१९ मध्ये तो मोठा केला. तेव्हा इंटिरियरचे, म्हणजे पश्चिमेतल्या सरकारी जमिनींचा कारभार बघणाऱ्या खात्याचे, मंत्री होते आर्थर मीयन. त्याच उन्हाळ्यात विनिपेगमध्ये मोठा संप झाला होता, आणि परत आलेले शिपाई शहरात बेकार फिरण्यापेक्षा माळावर नांगर धरलेले बरे, असा हिशेब त्यामागे होता असं मला वाटतं. जमिनीला, जनावरांना, अवजारांना कर्ज, व्याज पाच टक्के, जमिनीची फेड पंचवीस वर्षांत. अनुभव नसेल तर आधी एखाद्या शेतकऱ्याकडे राहून शिकून यायचं. साधारण पंचवीस हजार सैनिकांनी कर्ज घेतलं. आजींच्या वडिलांनी एक हंगाम दुसऱ्याच्या रानात काढला आणि १९२० च्या वसंतात नाव लावलं.

आता जमीन शोधायची. इथं मला आपला सातबारा फार आठवला. आपल्याकडे गट नंबर म्हणजे ओढा, वाट, भाऊबंदकी यांतून वळत गेलेली रेषा. इथं सरकारनं शेतकरी यायच्या आधीच सगळ्या माळावर चौकटी आखून ठेवल्या होत्या. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा क्वार्टर, १६० एकर. सेक्शनांचे नंबर आग्नेयेच्या कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे जातात, मग वरच्या ओळीत उलटे पूर्वेकडे येतात. म्हणजे शेतात औत फिरावं तसे. हे कळल्यावर नकाशा मला एका क्षणात वाचता आला. सर्व्हे करणाऱ्या साहेबांच्या डोक्यात बैल होते की नाही कोण जाणे.

सस्कॅचेवानच्या प्रांतिक अभिलेखागारात या जुन्या जमिनींच्या फायली आहेत. सूची नावावरून शोधता येते, तिच्यात सैनिकांना मिळालेल्या जमिनीही आहेत. सामान्य माणूस दहा डॉलर भरून एक क्वार्टर घ्यायचा. सैनिकाला त्याखेरीज आणखी एक फुकट मिळू शकायचा. आजींच्या वडिलांना एकच मिळाला, शेजारचे आधीच गेलेले. त्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी रेजायनाला, या प्रांताच्या राजधानीत, गेले. सत्तर किलोमीटर, जानेवारी, उणे एकतीस. कोट, टोपी, पिशवी बाहेर ठेवायची, पेन्सिल तेवढी आत. फाइल पातळ होती. मला वाटलं होतं जाडजूड काहीतरी मिळेल.

पण त्यातला एक कागद मी आयुष्यभर विसरणार नाही. तीन वर्षं झाल्यावर जमीन नावावर करून घेण्यासाठी शपथेवर भरून द्यायचा अर्ज. त्यात माणसाचं सगळं आयुष्य प्रश्नांत बसवलेलं असतं. घर कधी बांधलं? राहायला कधी आलात? घरात माणसं कोण? दरवर्षी किती महिने तिथं राहिलात? कोणत्या साली किती एकर माळ मोडला आणि किती पेरला? घोडे किती, गाई किती, डुकरं किती? घराची लांबीरुंदी, किंमत? कुंपण? जमिनीत कुठं खनिज, खाणीचा दगड आढळला का? आणि शेवटी दोन शेजाऱ्यांच्या शपथा, की होय, हा इथंच राहतो.

पहिल्या वर्षी १२ एकर, दुसऱ्या वर्षी २३, तिसऱ्या वर्षी १९. घर लाकडी, १२ बाय १६ फूट, किंमत २५० डॉलर. गोठा मातीच्या ढेपांचा. घोडे चार, गाय एक. विहीर. धान्याची कोठी. आणि 'इतर बांधकाम' या रकान्यात, त्याच स्वच्छ अक्षरात: भट्टी, विटांची, १५ डॉलर.

मी पेन्सिल खाली ठेवली. ज्याला पहिल्या वर्षी बारा एकरच मोडता आले त्या माणसानं माळावर आधी भट्टी बांधली होती.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या हसायला लागल्या, दम लागेपर्यंत हसल्या. भट्टी त्यांना आठवत होती. घरापासून चार पावलांवर, माणसाच्या कमरेइतकी. शनिवारी आसपासच्या बायका पीठ घेऊन यायच्या आणि बाबा सगळ्यांचे पाव एकदम लावायचा. दुष्काळात मदतीचं पीठ आगगाडीनं यायचं, त्याचेही. त्याच गाडीनं पूर्वेच्या किनाऱ्यावरून खारवलेला मासा यायचा, फळीसारखा कडक. तो कसा खायचा हे माळावरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आजींच्या आईनं तो दाराच्या फटीत वारा अडवायला लावला होता.

१९३० नंतरच्या त्या दशकाबद्दल त्या एरवी बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. धुरळ्यानं दुपारी दिवा लावावा लागायचा. ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि वाढायच्या वेळीच उलटी करायची. टोळ इतके की बाहेर ठेवलेल्या फावड्याचा घामानं खारटलेला दांडा कुरतडायचे. पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून शेजाऱ्यानं मोटारीचं इंजिन काढून ती घोड्यांना जुंपली होती. अशा गाड्यांना लोक पंतप्रधान बेनेट यांच्यावरून 'बेनेट बगी' म्हणायचे. १९३७ साली सबंध प्रांतात गव्हाची सरासरी एकरी तीन बुशेलही पडली नाही. बुशेल म्हणजे सत्तावीस किलो. बियाणंच एकरी बुशेलभर जातं.

आणि कर्ज. आजींच्या कपाटात आईच्या शिवणाच्या डब्यात चार पावत्या आणि दोन पत्रं होती, ती आता कामाला आली. १९२० मध्ये जनावरं आणि अवजारांसाठी १,८६० डॉलर उचललेले. यादीत बसून चालवायचा नांगर आहे. मागं चालत धरायच्या नांगरापेक्षा तो महाग. भाऊ म्हणायचा, बाबाला बसून नांगर हवा! डावा हात वर न जाणाऱ्या माणसानं दुसरा कुठला घ्यायचा? शिवाय घोडे, नांगर सगळं घेतलं ते युद्धानंतरच्या चढ्या भावात. १९१९ च्या पिकाला उत्तम गव्हाचे बुशेलमागे २ डॉलर ६३ सेंट मिळाले होते. १९३२ च्या डिसेंबरात तोच गहू ३८ सेंटांपर्यंत उतरला, तोही बंदरातला भाव. शेतकऱ्याच्या हाती रेल्वेभाडं जाऊन काय ते. मधल्या काळात सरकारनंही चूक मानून जनावरांच्या आणि मग जमिनीच्या किमती नव्यानं धरल्या, कर्ज थोडं उतरवलं. तरी १९३६ च्या पत्रात बाकी १,९०० च्या वर दिसते. सोळा वर्षं फेडून. दुसरं महायुद्ध येईतो या सैनिक-शेतकऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी जमिनी सोडल्या होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्याबरोबर काम करणाऱ्या क्री बाईनं सांगितली. क्री म्हणजे इथले मूळ रहिवासी. तिचे पणजोबाही त्याच युद्धात होते. पण मूळ रहिवाशांसाठीच्या इंडियन अ‍ॅक्टखाली असलेल्या माणसाला या माळावर असा क्वार्टर घेता येत नव्हता. उलट सैनिकांना वाटायला बोर्डानं पश्चिमेतल्या राखीव वस्त्यांची ८५ हजार एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. "तुझ्या आजींचा बाप बुडाला म्हणतेस," ती म्हणाली, "त्याला बुडायला तरी जागा मिळाली." मी गप्प बसले. उत्तर नव्हतं.

त्या रात्री आईला फोन केला. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत संगमरवराची पाटी आहे, या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. साताऱ्याकडे अशा पाट्या गावोगाव आहेत. नावं नाहीत, आकडे आहेत. त्या आकड्यात माझे पणजोबा आहेत, मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेलेले. म्हटलं, आई, आपल्याकडं त्यांचं काहीच नाही का गं?

"मेडल होतं की," आई म्हणाली. "चांदीचं. दुष्काळात मोडलं. सासूबाईंनी त्याच्या जोडव्या केल्या. त्या मला घातल्या लग्नात, आणि मी तुला." माझ्या जोडव्या इथं डब्यात पडून आहेत. थंडीत बुटात टोचतात म्हणून घालत नाही.

ऑगस्टमध्ये नवऱ्याला सुट्टी काढायला लावली आणि आम्ही ती जमीन बघायला गेलो. स्विफ्ट करंटपर्यंत मोठा रस्ता, मग दक्षिणेला, मग खडीचे ग्रिड रोड, काटकोनात काटकोन. सध्याच्या मालकाला आधी फोन केला होता. असे चाळीस क्वार्टर तो एकटा करतो, दोन माणसं आणि एवढाली यंत्रं घेऊन. त्यानं पिकात पाय न टाकता कडेनं जायला सांगितलं. पीक कसलं म्हणून वाकून बघितलं तर मसूर! वाळत आलेली, गुडघ्याच्याही खालची, शेंगेत दोन-दोन दाणे. हीच मसूर जहाजात बसून आपल्याकडे येते. मी ती साताऱ्यात किराणाच्या दुकानातून आणून शिजवलेली असणार. नवरा म्हणाला, आता इथं रडू नकोस, त्याला वाटेल पिकाला काही झालं.

घर नाही. विहीर बुजवलेली. पण कॅरगानाच्या झुडपांची एक जुनी रांग उभी होती, वारा अडवायला लावलेली, आणि तिच्या आतल्या बाजूला गवतात एक उंचवटा. मी पायानं गवत सारलं. विटा. पिवळट, एका अंगानं काळ्या पडलेल्या, जड. भट्टीसाठी लागते तसली आगीला टिकणारी वीट. तसल्या विटांचा मोठा कारखाना क्लेबँकला होता, मूस जॉपासून लांब नाही. तिथूनच आल्या असाव्यात. मालकाला विचारून एक उचलली.

राहिला होता मूळ प्रश्न. जमिनीच्या जुन्या मालकी-नोंदी पैसे भरून मागवता येतात, आपल्या फेरफारासारख्या. नोंद आली ती सप्टेंबरात. त्यात जप्ती नव्हती. मार्च १९३८ मध्ये त्यांनी स्वतः सही करून तो क्वार्टर सैनिक वसाहतीच्या संचालकाच्या नावावर करून दिला होता. म्हणजे आधी निघून गेले, प्रिन्स अल्बर्टला बेकरीत काम धरलं आणि मग सात महिन्यांनी सही केली.

आजींनी तारीख दोनदा विचारली. मग म्हणाल्या, "हिवाळाभर थांबला तो. काम टिकतं का बघितलं आणि मग सोडली." भावाबद्दल काही बोलल्या नाहीत. वीट खिडकीत ठेवली होती. इन्फेक्शन कंट्रोलच्या बाईंनी ती दोनदा उचलायला सांगितली, मी दोनदा ब्लीचनं पुसून परत ठेवली.

आठवड्यानं मोजे चढवताना त्यांनी दारामागचा कागद काढून आणायला सांगितला. चष्मा लावला. माझं पेन घेतलं, पण हात फार थरथरत होता, म्हणून पेन परत माझ्या हाती दिलं. 'जमलं नाही' खोडायला सांगितलं. 'सैनिक, नंतर शेतकरी' हेही.

"लिही," त्या म्हणाल्या. "बेकर. मधली सतरा वर्षं शेती."